रूबीबाईंचा पावसाळा

आमच्या बिल्डिंगमध्ये गजर लावून कुणी झोपत नसे. सकाळी तिसऱ्या मजल्यावरची दक्षिणेकडची खिडकी धाडकन उघडायची, गजांवर स्टीलचा चमचा वाजायचा आणि आवाज यायचा, "अंगठा दिसतोय! उठा!"

अंगठा म्हणजे कर्नाळ्याचा. किल्ल्याचा तो उभा सुळका लांबून मूठ वळून अंगठा वर केल्यासारखा दिसतो. मध्ये कितीही टॉवर उभे राहिले तरी रूबीबाईंच्या स्वयंपाकघरातून तो दिसायचा. तो दिसला की आजच्या दिवसाला वरून मंजुरी आली, असं त्या मानायच्या. खालून कुणी ओरडायचं, "बाई, आज रविवार आहे हो!" त्यावर वरून उत्तर यायचं, "कर्नाळ्याला सुट्टी आहे का?"

मी असं कुणावर कधी लिहिलेलं नाही. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मीच पहिली, त्यामुळे कसं लिहायचं हे घरात कुणाला विचारताही येत नाही. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "जसं झालं तसं लिव. उगाच रंग नको लावू." तसंच लिहिते.

रूबीबाई आम्हाला शाळेत भूगोल शिकवायच्या. आम्ही कोन गावातून पनवेलमध्ये राहायला आलो तेव्हा तळमजल्यावर आम्ही आणि तिसऱ्या मजल्यावर त्या, असं ठरल्यासारखंच झालं. पहिल्याच दिवशी जिन्यात त्यांनी मला अडवलं आणि गाव कुठलं म्हणून विचारलं.

"कोन."

"म्हणजे तू कोनकर."

"नाही बाई, आमचं आडनाव म्हात्रे."

"ते तुमच्यात. आम्ही बेने इस्रायली, कोकणातले ज्यू. आमच्यात गावाला कर लावला की झालं आडनाव. आमच्यात आलीस की तू कोनकर."

त्या दिवसापासून मी कोनकर. माझ्या खऱ्या नावाने, वैशाली म्हणून, त्यांनी मला एकदाच हाक मारली. ती हाक पुढे येईल.

त्यांच्या बोलण्यात माणसांना स्वभाव नसायचे, हवामान असायचं. बाबा रात्रपाळीची गाडी चालवून चिडचिडत आले की, "आज तळमजल्यावर सहारा आहे, जरा जपून." मी रुसलेली दिसले की, "काय कोनकर, टुंड्रा?" वर्गात कुणी पुस्तकातली व्याख्या घडाघडा म्हणून दाखवली की त्या त्याला खिडकीशी नेऊन उभं करायच्या आणि म्हणायच्या, "छान. आता यातलं बाहेर काय दिसतंय ते सांग." बहुतेकांना काही दिसायचं नाही. मग त्या स्वतःच इतक्या जोरात हसायच्या की शेजारच्या वर्गातले सर डोकावून जायचे.

पण हे सगळं दसऱ्यापासून मे महिन्यापर्यंतच.

पावसाळा लागून थोडे दिवस झाले की खिडकी बंद व्हायची. आधी चमचा उशिरा वाजायचा, मग वाजायचाच नाही. शाळेत असताना आम्हाला एवढंच कळायचं की जुलै-ऑगस्टमध्ये बाई खुर्चीवर बसून शिकवतात, फळ्याकडे तोंड करतात आणि कुणालाही खिडकीशी नेत नाहीत. निवृत्त झाल्यावर तर त्या खाली उतरेनाशाच झाल्या. आई मला ताट घेऊन वर पाठवायची. "कोलंबी नको नेऊ, बाईंच्या धर्मात चालत नाय. खवल्यांचा मासा हाय तोच ने." दार अर्धं उघडायचं. आत दिवा नसायचा. केस न विंचरलेल्या रूबीबाई म्हणायच्या, "ठेव तिथे." संध्याकाळी ताट परत आणायला गेले की ते तसंच झाकलेलं असायचं.

एकदा मी धीर करून विचारलं, "बाई, दुखतंय का काही?"

त्यांनी दार आणखी थोडं लोटलं. मग म्हणाल्या, "वैशाली, सकाळ होते ना, तेव्हा वाटतं, कशाला झाली."

मी ताट तिथेच ठेवलं. जिना उतरताना मात्र मला फार भीती वाटली. त्यांनी कोनकर म्हटलं नव्हतं, याचीच जास्त.

याचं कारण सगळ्यांना माहीत होतं, किंवा तसं वाटत होतं. त्यांचा एकुलता एक मुलगा डॅनी लग्नानंतर इस्रायलला गेला होता, हैफा शहरात. यजमान आधीच गेलेले. त्यांच्या समाजातली निम्मी घरं अशीच तिकडे गेलेली, त्यामुळे मागे राहिलेल्यांच्या सगळ्या दुखण्यांचं निदान एकच. बाई बऱ्या असल्या की स्वतःच त्याची नक्कल करायच्या. "आमच्यात गुडघा दुखला तरी विचारतात, मुलगा तिकडे का? दात दुखला तरी, मुलगी तिकडे का? आमच्या लोकांना एक्स-रे काढावाच लागत नाही."

पण स्वतःबद्दल त्यांनाही तेच वाटत होतं. एका वर्षी त्यांच्या नणंदेने घरी मलिदा केला. एलियाहू नबीच्या नावाने त्यांच्यात नवस करतात, त्याचा. भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वर फळं, आणि मधोमध गुलाब. बाई कोपऱ्यात बसून होत्या, कुणी हलवलं तर हलायच्या. नणंद म्हणाली, "डॅनीची भेट होऊ दे, माझी वहिनी उठून बसेल." पुढे नवरात्राच्या सुमारास बाई खरोखरच उठून बसल्या. डॅनी आला नव्हता, तरी नवसाला मान मिळाला. त्याआधीच्या एका वर्षी नेहमीच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या, त्यांनाही दिवाळीत असाच मान मिळाला, आणि बरं वाटतंय म्हणून बाईंनी त्या बंद केल्या. दिवाळीत त्यांना नाहीतरी बरंच वाटायचं, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही.

मग एका वर्षी डॅनीने जूनमध्येच तिकीट पाठवलं. तिकडे तेव्हा शांत होतं, विमानंही नीट चालू होती. बाई अख्खा पावसाळा हैफात राहिल्या. आम्हाला व्हिडिओ कॉल यायचे आणि आम्ही थक्क व्हायचो. जुलै महिना, आणि बाई गच्चीवर टोपी घालून उभ्या! "कोनकर, बघ समुद्र! हा भूमध्य! आजवर फळ्यावर काढला, आज पाय घालून आले!" मागे ऊन असं चकाकत होतं की आई म्हणाली, "बाईंचा फोन भाजेल गो."

मग काय, निकाल लागलाच. सगळे म्हणाले, बघा, मुलगा भेटला आणि पावसाळा कुठल्या कुठे गेला. बाई परत आल्या त्या घर विकून कायमचं जायचं ठरवूनच. दिवाळीनंतर जायचं. एजंट माणसं घेऊन यायला लागला. बाईंनी भांडी वाटली, पुस्तकं वाटली आणि पृथ्वीगोल मला दिला. त्यावर आफ्रिकेला खोक पडलेली होती.

"सांभाळून ठेव. यात पनवेल नाहीये, पण कुठे आहे ते तुला माहीत आहे."

निरोपाच्या दिवशी त्या रडल्या नाहीत. खिडकीत बराच वेळ उभ्या राहिल्या. मग गजांवर एकदाच चमचा वाजवला आणि तो आईच्या हातात दिला.

त्यानंतर आमच्या बिल्डिंगमध्ये सगळेच उशिरा उठायला लागले. माझं खारघरच्या कॉलेजातलं पहिलं लेक्चर तर कितीदा तरी बुडलं. जानेवारीत एकदा कॉल आला तेव्हा बाईंनी कॅमेरा बंद ठेवला होता. नंतर डॅनीच आईशी बोलला. "काकू, मम्मी तिथे पावसात व्हायची ना, तशीच झालीय. माझ्या घरात, माझ्यासमोर. मुलं हाक मारतात तर भिंतीकडे तोंड करते. मी कुठे कमी पडतोय?"

आई म्हणाली, "तू नको रडू रे. पाठव त्यांना. घर अजून विकलं नाय."

फेब्रुवारीत बाई परत आल्या, आणि पनवेलच्या उन्हात महिन्याभरात पुन्हा ताठ झाल्या. बरं वाटत होतं, पण घाबरल्या होत्या. आजवर त्यांच्याकडे एक उत्तर होतं, तेही हातचं गेलं होतं. "इथे असले तर इथे, तिथे असले तर तिथे," त्या मला म्हणाल्या. "आता मी जाऊ कुठे, कोनकर? गोलावर तिसरी जागा दाखव." एजंटाचं गिऱ्हाईक तयार होतं आणि होकार द्यायचा होता. डॅनी म्हणत होता, तरीही इथेच ये. नणंद म्हणत होती, दुसरा नवस करू.

नेहमीच्या डॉक्टरांनी मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाईंचं नाव दिलं. बाईंनी मला बरोबर घेतलं. "तू मागून जिना चढ. म्हणजे मला मागे वळता येणार नाही." आत गेल्यावर डॉक्टर उठून उभ्याच राहिल्या. डॉक्टर नसरीन म्हणजे बाईंचीच जुनी विद्यार्थिनी निघाली. "बाई, मी नकाशात गोदावरी उलटी वाहवली म्हणून तुम्ही मला बाकावर उभं केलं होतं."

"मग आता सरळ वाहते का?"

"वाहते. बसा."

बाई मग बोलत राहिल्या. डॅनी, सून, नातवंडं, यजमान, रिकामं घर. डॉक्टरांनी सगळं ऐकलं. मग म्हणाल्या, "बाई, आता माणसं जरा बाजूला ठेवू. मला फक्त महिने सांगा."

"महिने म्हणजे?"

"इथे कधी त्रास होतो?"

"जून संपताना सुरू. सप्टेंबरपर्यंत."

"दर वर्षी? डॅनी इथे होता तेव्हासुद्धा?"

बाईंनी बोटांवर वर्षं मोजली. "हो... तेव्हाही. तेव्हा थोडं कमी. आम्ही म्हणायचो, शाळेचा ताण."

"आणि हैफात?"

"डिसेंबर. जानेवारी."

"तेव्हा तिकडे हवा कशी असते?"

आणि रूबीबाईंनी वर्गात सांगावं तसं पाठ वाक्य म्हटलं, "भूमध्य सागरी हवामान. उन्हाळे उष्ण व कोरडे. पाऊस हिवाळ्यात."

म्हटलं आणि त्यांचं तोंड तसंच उघडं राहिलं. मग बाई हसायला लागल्या. आधी हळू, मग शाळेतल्यासारख्या, शेजारच्या वर्गात ऐकू जाईल अशा. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "अगं नसरीन! अख्खी नोकरी हे वाक्य शिकवण्यात गेली! परीक्षेला मीच घालायचे! खिडकी उघडा म्हणून तुम्हाला सांगत होते, आणि ढग आले की मी स्वतः..."

डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. काहींना ठरावीक ऋतूतच नैराश्य येतं, उजेड कमी झाला की मनावरही झाकोळ येतो. हा आजार आहे, स्वभाव नाही, आणि याला उपचार आहे. बाईंनी हळूच विचारलं, "मग डॅनीची आठवण?"

"ती खरीच आहे. पण ती बारा महिने येते ना? तिला औषध नको."

हे ऐकून बाईंनी डोळे पुसले. मला वाटतं, त्यांना त्या दिवशी सर्वांत बरं वाटलं ते याच वाक्याने.

उपचार मात्र एका फटक्यात सापडला नाही. पावसाळ्याची वाट न पाहता मे महिन्यातच गोळ्या सुरू करायच्या, असं ठरलं. पहिल्या गोळीने बाईंना इतकी झोप यायची की शनिवारी सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालू असताना त्या घोरल्या. "समाजाने मला जागं केलं, देवाने मात्र काही म्हटलं नाही," असा त्यांचा अहवाल. डॉक्टरांनी गोळी बदलली. दुसरी मानवली.

मग दिव्याची पाळी आली. काळोख्या महिन्यांत सकाळी ठरावीक वेळ एका खास प्रखर दिव्याजवळ बसायचं होतं. तो दिवा मागवावा लागणार होता, आणि बाईंना धीर कुठला? प्रखरच हवा ना, म्हणून त्यांनी मंडपवाल्याकडून लग्नात लावतात तो हॅलोजन आणला आणि संध्याकाळीच लावून पाहिला. पहिल्या सरी नुकत्याच झालेल्या. पनवेलमधली सगळी पंखवाली वाळवी वर्दी मिळाल्यासारखी तिसऱ्या मजल्यावर आली. बाई डोक्यावर टोपलं घेऊन जिन्यात, खालचे लोक विचारताहेत, "बाई, कुणाची हळद आहे?" दुसऱ्या दिवशी डॉक्टर नसरीनने जुना हिशेब चुकता केला. "बाई, बाकावर उभं करू का? डोळे जातील अशाने!" मग योग्य दिवा आला. त्याच्याकडे टक लावून बघायचं नसतं. तो बाजूला ठेवून बाई पोहे खायच्या, पेपर वाचायच्या.

शनिवारचा मात्र प्रश्न होता. बाकी नियमांत बाई तशा सैल, पण शनिवारी, त्यांच्या शब्बाथला, विजेच्या बटणाला हात लावायचा नाही, हे त्यांनी आईच्या वेळेपासून पाळलेलं. त्यांच्यातल्या एका जाणत्या गृहस्थांनी सांगितलं, दुखण्यात सूट आहे, लावा खुशाल. बाईंचा हात तरी उठेना. दुसऱ्याला लाव म्हणून सांगणंही त्यांना पटेना.

हे आईच्या कानावर आलं. पुढच्या शनिवारी सकाळी ती कुणाला न सांगता वर गेली. बाईंच्या घराचं दार नुसतं लोटलेलं असतं. आत जाऊन ती मोठ्याने म्हणाली, "अगो बाय, काय काळोख हाय! मला तं काय दिसतंच नाय!" आणि टक् करून दिवा लावला. बाई पोह्यांच्या ताटलीत बघत राहिल्या. तासाभराने आई परत वर. "अगो बाय, काय उजेड हाय! डोळं दिपलं!" टक्.

तेव्हापासून दर शनिवारी हे नाटक होतं. एकदा मी आईला म्हटलं, दर वेळी तेच काय म्हणतेस, काहीतरी नवीन म्हण. आई म्हणाली, "देवाला एकदा पटलंय ना, मंग बदलायचं कशाला?"

जुलैच्या मध्यावर तरीही एक वाईट आठवडा आला. खिडकी बंद झाली. बिल्डिंगमध्ये कुणी मोठ्याने बोलेना. मी ताट घेऊन वर गेले. दार उघडलं. केस विस्कटलेले होते, पण बाजूला दिवा लावलेला होता.

"टुंड्रा आहे," बाई हळूच म्हणाल्या. "पण नसरीनला फोन केलाय. गोळी वाढवून दिलीय. ठेव ताट, आणि बस. मी खाईपर्यंत बस."

त्या अर्धी भाकरी खाईपर्यंत मी बसले. त्यांनी मला टुंड्रा सांगितला होता, म्हणजे भाषा परत आली होती. मी खाली येऊन आईला म्हटलं, "बाई आहेत."

तो आठवडा सरला. श्रावणात एका सकाळी बाई मला ओढत बाजारात घेऊन गेल्या. आभाळ गच्च भरलेलं, चिखल, छत्र्यांची टोकं डोळ्यांत जाताहेत, आणि बाई परदेशी पाहुण्यासारख्या प्रत्येक भाजीवालीपुढे थांबताहेत. आदिवासी बायका रानभाज्या घेऊन बसल्या होत्या.

"हे काय?"

"टाकळा, बाई," भाजीवाली म्हणाली. "नवीन आलाव का पनवेलमदी?"

"हो," बाई म्हणाल्या. "नवीनच आलेय."

घरी येताना त्या म्हणाल्या, "किती वर्षं गं, कोनकर? मी पनवेलचा पावसाळा पाहिलाच नाही. पाठ करून घेतला तुमच्याकडून."

एजंटाला त्यांनी आधीच नाही म्हणून सांगितलं होतं. नणंदेने मधला मार्ग काढला होता, पावसाळ्यात हैफा, हिवाळ्यात पनवेल. "मी काय रोहित पक्षी आहे का थवे करून यायला-जायला?" बाई उखडल्या. डॅनीला मात्र त्या प्रेमाने म्हणाल्या, "येईन रे, तुमच्या वसंतात येईन. पाहुणी म्हणून येईन, पेशंट म्हणून नको." डॅनी फोनवर रडला, आणि मग हसला. तो कुठे कमी पडला नव्हता, हे त्यालाही कुणीतरी सांगायला हवंच होतं.

याला आता आणखी एक पावसाळा उलटतोय. गोळ्या मे महिन्यातच सुरू झाल्या आणि डॉक्टर सांगेपर्यंत बंद होणार नाहीत. दिवाळीत बरं वाटलं तरी नाहीत, असं बाईंनी स्वयंपाकघराच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवलंय. मला पुण्याला एम. ए.ला प्रवेश मिळाला. विषय भूगोल. गोल परत द्यायला वर गेले तर बाईंनी तो पुन्हा माझ्याच पिशवीत कोंबला. "ने. आफ्रिकेला जप. आणि हॉस्टेलची खोली बघताना आधी काय बघशील?"

"भाडं?"

"खिडकी!"

निघाले त्या सकाळी पाऊस कोसळत होता. आठ वाजले तरी बिल्डिंग अंधारात होती. बाबांनी बॅग रिक्षात ठेवली, आई मला उगाच ओरडत होती. रिक्षा वळताना मी मागे वाकून बघितलं. सगळ्या काळ्या खिडक्यांमध्ये तिसऱ्या मजल्यावरची एकच खिडकी पांढऱ्या लख्ख उजेडाने भरलेली होती, आणि उघडी होती. बाई गजांवर चमचा बडवत होत्या. पावसाच्या आवाजात तो ऐकू येत नव्हता, फक्त हात दिसत होता. मी दक्षिणेकडे बघितलं. तिकडे ढगांशिवाय काही नव्हतं, कर्नाळा पुसलाच गेला होता.

मी पुन्हा वर बघितलं. बाईंनी चमचा खाली ठेवला होता. गजांतून हात बाहेर काढून, भर पावसात, त्यांनी मूठ वळली आणि अंगठा वर केला.